सहा महिन्यांची सुई आणि सहा महिन्यांचा विमा

2025 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत सतरा दिवसांच्या आत तीन गोष्टी घडल्या. 18 जूनला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने लेनाकापाविर या औषधाला एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी मान्यता दिली. हे औषध त्वचेखाली टोचायचे असते आणि सहा महिन्यांतून एकदाच घ्यावे लागते. 27 जूनला सर्वोच्च न्यायालयाने ‘केनेडी विरुद्ध ब्रेडवुड मॅनेजमेंट’ या खटल्याचा निकाल दिला आणि लागण टाळणारी औषधे खासगी विम्यातून, पदरचा पैसा न घालता मिळण्याची तरतूद वाचली. 4 जुलैला अध्यक्ष ट्रम्प यांनी एका भल्यामोठ्या अर्थसंकल्पी कायद्यावर सही केली. त्यात मेडिकेडविषयी, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याविषयी, एक कलम आहे. ओबामांच्या काळात झालेल्या विस्तारातून ज्या प्रौढांना हा विमा मिळाला, त्यांची पात्रता 2026 च्या अखेरीपासून दर सहा महिन्यांनी नव्याने तपासली जाईल. आजवर ती साधारण वर्षातून एकदा तपासली जात असे.

औषधाचा अंमल सहा महिने आणि विम्याची खात्रीही सहा महिने, हा निव्वळ योगायोग आहे. कुणी ठरवून तो जुळवलेला नाही. पण सुईच्या रूपाने आलेल्या एचआयव्हीच्या औषधांपुढची सगळी अडचण या योगायोगात दिसते. या औषधांचे मोल त्यांच्या सातत्यात आहे, आणि ज्या विमा व्यवस्थेतून ती लोकांपर्यंत जायची आहेत ती पावलोपावली तुटणारी आहे. माझे म्हणणे असे की या औषधांना विम्याच्या वर्षाचे आणि पात्रतेच्या फेऱ्यांचे माप लावू नये. राज्यसंस्थेने ती लसीसारखी विकत घ्यावीत, लसीसारखी द्यावीत. जिथे विम्यातूनच द्यायची असतील, तिथे विम्याने आपले नियम औषधाच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावेत.

आधी या सुईची गरज का पडली ते पाहू. लागण टाळणारी रोजची गोळी, ‘प्रेप’, अमेरिकेत 2012 पासून आहे. ती नेमाने घेतली तर तिचे संरक्षण उत्तम असते. आता तिची जेनेरिक रूपेही स्वस्त झाली आहेत. मग वर्षाला हजारो डॉलरची सुई कशाला, हा प्रश्न विमा अधिकारी विचारतो आणि त्याने तो विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुणींवर झालेल्या ‘पर्पज 1’ या चाचणीत आहे. तिथे लेनाकापाविर घेणाऱ्या 2134 जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. ट्रुवाडा ही जुनी गोळी दिलेल्या 1068 जणींपैकी 16 जणींना झाली, आणि डेस्कोव्ही ही नवी गोळी दिलेल्या 2136 जणींपैकी 39 जणींना. गोळ्यांमध्ये दोष नव्हता. रक्ताच्या तपासण्यांनी दाखवले की बहुतेकींच्या शरीरात गोळीचे औषध पुरेसे पोहोचतच नव्हते.

ते का पोहोचत नव्हते, हे समजायला आफ्रिकेला जायची गरज नाही. एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली घरात सापडणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कोणत्याही समुपदेशकाला विचारावे. गोळ्या बाटलीतून काढून दुसऱ्याच डबीत भरल्या जातात, तांदळाच्या डब्यात लपवल्या जातात, पाहुणे असेपर्यंत बंद होतात. ज्याला लागणच झालेली नाही आणि जो केवळ ती टाळण्यासाठी गोळी घेतो, त्याच्याकडे तर ‘मी आजारी आहे’ एवढे साधे कारणही नसते. निरोगी माणसाने रोज एका आजाराची आठवण गिळायची आणि ती कुणाला दिसू द्यायची नाही. सुई हा भार काढून घेते. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर तिची कोणतीही खूण घरी येत नाही.

अमेरिकी विम्याने मात्र ही खूणही घरी पाठवण्याची सोय केली आहे. तिथे 26 वर्षांपर्यंतची मुले आई-वडिलांच्या खासगी विमा पॉलिसीत राहू शकतात. चांगली तरतूद आहे ती. पण दावा मंजूर झाला की कशासाठी किती पैसे दिले याचा तपशीलवार कागद पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याला जातो, म्हणजे बहुतेकदा वडिलांना. जे औषध लपवण्याच्या ओझ्यातून सोडवण्यासाठी बनले, त्याचे नाव टपालाने घरी येते. वैद्यकातला एखादा शोध आणि तो पोहोचवणारी यंत्रणा एकमेकांशी बोललेली नसली की असे होते. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणी याच जातीच्या आहेत.

आता किंमत. ‘येझटुगो’ या नावाने लेनाकापाविर अमेरिकेत आले तेव्हा गिलियड कंपनीने त्याची छापील किंमत वर्षाला 28,218 डॉलर ठेवली. रुपयांत हे सुमारे चोवीस लाख होतात. त्याआधी 2021 च्या डिसेंबरात आलेले कॅबोटेग्राविर, म्हणजे ‘ॲप्रेट्यूड’, सुरुवातीचे डोस झाल्यावर दोन महिन्यांतून एकदा घ्यायचे असते, आणि त्याची किंमत एका डोसला 3,700 डॉलर होती. या आकड्यांपुढे साधा हिशेब मांडून पाहावा. एखाद्या जोखमीच्या समूहात वर्षाला शंभरातल्या दोघांना लागण होते असे धरू. औषध पूर्ण काम करते असेही धरू. मग एक लागण टाळायला पन्नास जणांना वर्षभर औषध द्यावे लागेल. छापील किमतीने हा खर्च 14 लाख डॉलरच्या वर जातो. अमेरिकेत एचआयव्ही झालेल्या माणसाच्या आयुष्यभराच्या उपचारांचा खर्च सव्वाचार लाख डॉलरच्या आसपास धरला जातो. सवलती वजा केल्या तरी या किमतीला प्रतिबंध हा उपचारापेक्षा महाग पडण्याची शक्यता मोठी आहे.

आमच्या बाजूच्या लोकांना हा हिशेब आवडत नाही, पण तो टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. कारण त्याचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. 24 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबादच्या दोन कंपन्यांनी याच औषधाची दुसरी किंमत जाहीर केली. गेट्स फाउंडेशनच्या साहाय्याने हेटेरोने, आणि युनिटएड, क्लिंटन हेल्थ ॲक्सेस इनिशिएटिव्ह व जोहान्सबर्गच्या विट्स आरएचआय या संस्थांच्या साहाय्याने डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजने. ती किंमत आहे माणशी वर्षाला सुमारे 40 डॉलर, 2027 पासून, 120 देशांसाठी. तोच पन्नास जणांचा हिशेब या किमतीने केला तर एक लागण टाळण्याचा औषधखर्च 2,000 डॉलर येतो. रेणू तोच, मात्रा तीच, संरक्षण तेच. चौदा लाख आणि दोन हजार यांच्यातले अंतर औषधशास्त्राने पाडलेले नाही. ते पेटंटने आणि खरेदीच्या पद्धतीने पाडले आहे.

म्हणून ‘एवढे महाग औषध विम्याने का द्यावे’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. विमा कंपनी किंवा राज्याचा मेडिकेड विभाग किमतीचा राग रुग्णावर काढतो. पूर्वपरवानगी मागतो, आधी गोळी घेऊन पाहा म्हणतो, कागद परत पाठवतो. यातल्या एकाही गोष्टीने गिलियडची किंमत एका डॉलरने उतरत नाही. उतरते ती औषध घेणाऱ्यांची संख्या.

मेडिकेडची घडण इथे थोडी समजून घ्यावी लागेल. 1965 मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड या जुळ्या योजना जन्मल्या. पहिली 65 वर्षांपुढच्या आणि अपंग नागरिकांसाठी, संपूर्ण केंद्राची. दुसरी गरिबांसाठी, केंद्राचे आणि राज्यांचे पैसे मिळून, आणि म्हणून राज्याराज्यात निराळी. 1990 च्या कायद्याने औषध कंपन्यांना मेडिकेडला मोठी सूट द्यावी लागते. आज ब्रँडच्या औषधांवर ती सरासरी किमतीच्या किमान 23.1 टक्के आहे. त्या बदल्यात राज्यांना त्या कंपन्यांची जवळपास सगळी औषधे द्यावी लागतात. म्हणजे कागदावर कोणतेही राज्य एचआयव्हीच्या इंजेक्शनांना सरसकट नाही म्हणू शकत नाही. ‘नाही’ म्हणायचे मार्ग वेगळे आहेत आणि ते सगळे वेळ खाणारे आहेत.

गोळीच्या बाबतीत वेळ गेला तर माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा औषधाच्या दुकानात जातो. सुईचे तसे नसते. ती कुणीतरी प्रशिक्षित माणसाने टोचायची असते. त्यामुळे विम्याच्या भाषेत ती औषध आहे की वैद्यकीय सेवा, असा वाद उभा राहतो. औषध मानले तर विशेष दुकानातून रुग्णाच्या नावाने डोस दवाखान्यात पाठवावा लागतो आणि त्या दिवशी तो पोहोचलेला असावा लागतो. सेवा मानली तर दवाखान्याने आधी स्वतःच्या पैशाने डोस विकत घ्यायचा आणि टोचल्यावर विम्याकडे दावा लावायचा. चौदा हजार डॉलरचा एक डोस. दावा नाकारला तर नुकसान दवाखान्याचे. मोठ्या शहरातले विद्यापीठाचे रुग्णालय हे सोसू शकते. मिसिसिपीतल्या गावचा दोन डॉक्टरांचा दवाखाना सोसू शकत नाही, म्हणून तो ही सुई ठेवतच नाही. त्या गावातल्या माणसाच्या हातात पूर्ण वैध विमा कार्ड असते आणि औषध शंभर मैलांवर.

मेडिकेअरने हा गुंता बऱ्यापैकी सोडवला, हे नोंदवले पाहिजे. 30 सप्टेंबर 2024 ला तिथल्या केंद्रीय यंत्रणेने ठरवले की प्रेपची औषधे, गोळी असो वा इंजेक्शन, मेडिकेअरच्या ‘भाग ब’मधून, रुग्णाकडून एकही डॉलर न घेता मिळतील. शिवाय वर्षाला आठपर्यंत समुपदेशनाच्या भेटी आणि आठपर्यंत एचआयव्ही तपासण्या. एका निर्णयाने एक दार ठरले, एक नियम ठरला, देशभर. म्हणजे इच्छा असली की हे करता येते. फक्त प्रेपची गरज ज्यांना सर्वांत जास्त आहे ते तरुण आहेत, आणि मेडिकेअर प्रामुख्याने वृद्धांचा विमा आहे.

तरुण गरिबांसाठी मेडिकेड आहे, आणि मेडिकेडचा नकाशा एचआयव्हीच्या नकाशाशी उलटा जुळतो. 2022 मध्ये अमेरिकेत अंदाजे 31,800 नव्या लागणी झाल्या. त्यांपैकी जवळपास निम्म्या दक्षिणेकडच्या राज्यांत. ज्या दहा राज्यांनी मेडिकेडचा विस्तार आजही स्वीकारलेला नाही, त्यांत टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, मिसिसिपी, अलाबामा, साउथ कॅरोलिना आणि टेनेसी आहेत. तिथे गरीब, एकट्या, मूल नसलेल्या प्रौढाला मेडिकेड मिळणे फार कठीण. लागण झाल्यावर त्याला रायन व्हाइट कायद्यातून औषध मिळू शकते. इंडियानातल्या ज्या मुलाच्या नावाने हा कायदा 1990 मध्ये झाला, तो रक्तातून लागण होऊन वयाच्या अठराव्या वर्षी त्याच साली वारला. हा कायदा म्हणजे ज्याला कुठलाच विमा पुरत नाही त्याच्यासाठीचा शेवटचा आधार. पण तो लागण झालेल्यांच्या उपचारांसाठी आहे. लागण टाळणाऱ्या औषधावर त्यातला पैसा खर्च करता येत नाही. विस्तार नाकारलेल्या राज्यातल्या गरीब तरुणासाठी व्यवस्थेचे दार खऱ्या अर्थाने उघडते ते त्याला एचआयव्ही झाल्यावर. मला यापेक्षा क्रूर रचना सार्वजनिक आरोग्यात सहसा आठवत नाही.

आणि जिथे विस्तार झाला, तिथे आता सहामाही तपासणी येते आहे. तिच्या जोडीला 2027 पासून महिन्याला 80 तास काम किंवा तत्सम उद्योग केल्याचा पुरावा. गंभीर आजार असलेल्यांना कामाच्या अटीतून सूट आहे. पण प्रेप घेणारा माणूस व्याख्येनेच निरोगी असतो. त्याला सूट कशाच्या आधारावर मागता येईल? ज्या आजारापासून तो स्वतःला वाचवतो आहे तो झाला असता तर सूट मागता आली असती.

इथे औषधाचा एक गुणधर्म सांगितला पाहिजे, कारण माझ्या मते सगळ्या वादाचा कणा तोच आहे. ही औषधे शरीरात हळूहळू झिरपतात म्हणून महिनोन्महिने टिकतात. त्याचीच दुसरी बाजू अशी की सुई बंद केली तरी औषध एकदम संपत नाही. लेनाकापाविर आणि कॅबोटेग्राविर दोन्ही शेवटच्या डोसनंतर वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ अल्प प्रमाणात शरीरात रेंगाळू शकतात. डॉक्टर याला औषधाची शेपटी म्हणतात. हे उरलेले प्रमाण विषाणूला अडवायला अपुरे असते, पण त्याला त्या औषधाची ओळख करून द्यायला पुरेसे असते. या काळात लागण झाली तर औषधाला न जुमानणारा विषाणू तयार होण्याचा धोका असतो. म्हणून सुई थांबवायची असेल तर ती ठरवून थांबवावी लागते आणि जोखीम चालू असेल तर लगेच दुसरे संरक्षण सुरू करावे लागते. लेनाकापाविरची पुढची सुई 26 आठवड्यांनी, पुढेमागे दोन आठवडे चालतात. उशीर होणार हे आधी कळले तर आठवड्याला एकदा गोळ्या घेऊन मधला काळ भरून काढता येतो. पण त्या गोळ्याही कुणीतरी द्याव्या लागतात.

विमा मात्र 31 तारखेला संपतो आणि एक तारखेला नसतो. त्याला शेपटी नाही. पात्रतेचा फॉर्म चुकीच्या पत्त्यावर गेला, मालकाने तासांचा दाखला उशिरा दिला, एवढ्याने माणूस यादीतून बाहेर पडतो. रक्तदाबाच्या गोळीच्या बाबतीत हेही वाईटच. पण एचआयव्हीच्या सुईच्या बाबतीत त्या प्रशासकीय फटीतून औषध-प्रतिकारी विषाणू वाट काढू शकतो, आणि तो त्या एका माणसापाशी थांबेल याची हमी नसते. पात्रता तपासणाऱ्या कारकुनाच्या पडद्यावर यातले काही दिसत नाही. म्हणून माझी मागणी अगदी मर्यादित आणि ठोस आहे: ज्याला सार्वजनिक विम्यातून लांब पल्ल्याची सुई सुरू झाली, त्याची पुढची सुई किंवा तिच्या जागी गोळ्यांचे संरक्षण, पात्रता गेली तरी विम्याने द्यायलाच हवे. सुरू करणाऱ्याने शेपटीची जबाबदारी घेतलीच पाहिजे.

उपचाराच्या बाजूलाही विम्याचा नियम असाच आडवा आला. ‘कॅबेनुव्हा’ हे कॅबोटेग्राविर आणि रिल्पिव्हिरिन यांचे जोड-इंजेक्शन 2021 च्या जानेवारीत मान्य झाले ते ज्यांचा विषाणूभार गोळ्यांनी आधीच दबलेला आहे अशांसाठी. विम्यांनी ती अट शब्दशः धरली. म्हणजे जो रोज गोळी न चुकता घेतो त्याला गोळीपासून सुटका, आणि ज्याला गोळी जमत नाही त्याला नकार. सॅन फ्रान्सिस्को जनरल रुग्णालयाच्या ‘वॉर्ड 86’ने, जो 1983 पासून एड्सच्या रुग्णांचा दवाखाना आहे, या अटीपलीकडे जाऊन बेघर, व्यसनाशी झगडणाऱ्या, मनोविकार असलेल्या रुग्णांना ही सुई दिली. डॉ. मोनिका गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत 133 रुग्ण होते. त्यांतल्या 57 जणांचा विषाणूभार सुरुवातीला वाढलेला होता, आणि त्यांपैकी 54 जणांचा तो आटोक्यात आला. पुढे ‘लॅटिट्यूड’ चाचणीत, जिथे गोळ्या नियमित न जमणाऱ्यांचीच निवड केली होती, सुई गोळ्यांपेक्षा सरस ठरली. 2024 मध्ये तज्ज्ञ मंडळांनी मार्गदर्शक सूचना बदलल्या. हे पुरावे गोळा करायला तीन वर्षे एका सार्वजनिक रुग्णालयाला विम्याच्या नियमांशी भांडून औषध मिळवावे लागले, ही गोष्ट मला त्या आकड्यांइतकीच बोलकी वाटते.

सुरुवातीला आलेल्या ब्रेडवुड खटल्यातला आक्षेप मात्र पैशांचा नव्हता. टेक्सासमधल्या काही मालकांचे म्हणणे होते की प्रेपचा खर्च विम्यातून देणे म्हणजे आपल्या धर्माला मान्य नसलेल्या वर्तनाला हातभार लावणे. न्यायालयासमोर प्रश्न मात्र वेगळाच आला: कोणत्या प्रतिबंधक सेवा मोफत द्याव्यात हे ठरवणाऱ्या तज्ज्ञ कृती दलाच्या सदस्यांची नेमणूक घटनेला धरून आहे की नाही. सहा विरुद्ध तीन मतांनी ती वैध ठरली, कारण हे सदस्य आरोग्यमंत्र्यांच्या अधीन आहेत आणि मंत्री त्यांना काढू शकतात. 2019 मध्ये प्रेपला या दलाने सर्वोच्च श्रेणीची शिफारस दिली होती, 2023 मध्ये तिच्यात लांब पल्ल्याची इंजेक्शनेही आली. ती तरतूद टिकली खरी, पण ज्या खांबावर टिकली तो खांब म्हणजे एका मंत्र्याची मर्जी.

आक्षेपाच्या गाभ्याबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे. संसर्गजन्य आजारात एकाचे संरक्षण हे दुसऱ्याचेही संरक्षण असते. हे सिद्ध करणाऱ्या चाचण्यांत पुण्याचा हातभार आहे. ‘एचपीटीएन 052’ या अभ्यासात 1,763 जोडपी होती, त्यांत पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतून आणि चेन्नईतून सहभागी झालेलीही होती. 2011 मध्ये त्यातून दिसले की लागण झालेल्या जोडीदाराला लवकर औषध दिले तर दुसऱ्याला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते. जिच्या नवऱ्याला औषध मिळाले म्हणून जी बाई वाचली, तिने कुठलाही विम्याचा अर्ज भरलेला नव्हता. विम्याच्या हिशेबात तिचा रकानाच नसतो. विमा पाहतो तो फक्त हप्ता भरणाऱ्याचा या वर्षीचा खर्च. टळलेली लागण पुढच्या वर्षी, दुसऱ्या माणसात, बहुधा दुसऱ्याच विमा कंपनीच्या वहीत टळलेली असते. म्हणून कोणत्याही एका विमा कंपनीला प्रतिबंधावर खर्च करण्याची ओढ नसते, आणि सगळ्यांच्या वतीने तो करू शकेल असे फक्त सरकार उरते.

सरकारने तो कसा करावा याचा नमुना अमेरिकेतच आहे. 2019 मध्ये लुइझियाना राज्याने हिपॅटायटिस सी च्या औषधासाठी गिलियडच्याच एका उपकंपनीशी करार केला: राज्य पाच वर्षे ठरावीक कमाल रक्कम देईल आणि मेडिकेडच्या व तुरुंगातल्या रुग्णांना लागेल तेवढे औषध मिळेल. ऑस्ट्रेलियाने त्याआधी देशपातळीवर हेच केले होते. अशा करारात औषध घेणारा प्रत्येक नवा माणूस खर्चाचे कारण राहत नाही, उलट जितके जास्त लोक येतील तितका करार फायद्याचा ठरतो. पूर्वपरवानगीची यंत्रणा आपोआप निरर्थक होते. लेनाकापाविरसाठी केंद्राने असा एक करार केला तर राज्याराज्यांच्या दारांचा, औषध ‘भाग ब’मधून द्यायचे की मेडिकेअरच्या गोळ्या-औषधांच्या ‘भाग ड’मधून याचा, आधी पैसे भरणाऱ्या दवाखान्यांचा प्रश्न एका फटक्यात लहान होईल. कंपनीच्या नफ्याचे काय, असे विचारले जाते. एका देशात 28,218 डॉलर आणि बाकी 120 देशांत 40, या दोन टोकांच्या मध्ये वाटाघाटीला भरपूर जागा आहे.

हा प्रश्न भारतात निराळ्या रूपात येणार आहे, आणि फार दूर नाही. गिलियडने 2 ऑक्टोबर 2024 रोजी ज्या सहा कंपन्यांना जेनेरिक उत्पादनाचे परवाने दिले, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा संच वर्षाला 350 डॉलरला देऊ केला तेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचाराला दहा हजारांहून जास्त लागत होते. त्या वेळी औषध इथे बनत होते आणि इथल्या रुग्णाला सरकारकडून मिळत नव्हते. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, सरकारकडून मोफत मिळायला 1 एप्रिल 2004 ला सुरुवात झाली. तीन वर्षांचे ते अंतर या वेळी पडू देऊ नये.

भारताने एक गोष्ट सुरुवातीपासून बरोबर केली: एचआयव्हीची औषधे विम्याच्या दारातून आणली नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत यांची बांधणी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांभोवती आहे. सुई टोचून अर्ध्या तासात घरी जाणाऱ्या निरोगी माणसासाठी त्यांच्या पॅकेजमध्ये जागा नाही, आणि ती करायचा मोहही धरू नये. नॅकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, समुपदेशन व तपासणीची आयसीटीसी केंद्रे, एआरटी केंद्रे आणि वस्त्यांत काम करणाऱ्या संस्था हीच या सुईची जागा आहे. पण याही दाराला कडी लागू शकते. 2022 च्या जुलैत दिल्लीत नॅकोच्या कार्यालयाबाहेर एचआयव्हीसह जगणारे लोक औषधटंचाईविरुद्ध धरणे धरून बसले होते. 2017 च्या एचआयव्ही कायद्यातही सरकारने औषधे द्यावीत ती ‘शक्य तेवढी’, असा शब्द आहे. गोळ्यांच्या टंचाईत लोकांना एकमेकांकडून उसन्या गोळ्या घेऊन वेळ भागवता येते. सुई उसनी मिळत नाही, आणि शेपटीचा धोका इथेही तोच आहे.

उपचारासाठी म्हणून ती सगळ्यांना द्यावी असे मी म्हणत नाही. आपल्याकडची टीएलडी ही रोजची एकच गोळी उत्तम आहे, शिवाय तिच्यातले टेनोफोव्हिर हिपॅटायटिस बी लाही दाबून ठेवते, जे कॅबेनुव्हा करत नाही. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनमुळे या नव्या औषधांचे रक्तातले प्रमाण घटते, आणि भारतात क्षयाला विसरून एचआयव्हीचा कोणताही कार्यक्रम आखता येत नाही. म्हणून पहिली निवड प्रतिबंधाची, आणि उपचारात फक्त ज्यांना गोळी जमतच नाही त्यांची.

प्रतिबंधाची सुई कुणापर्यंत आधी न्यायची हे ठरवताना स्थलांतरित मजुरांचा विचार व्हावा, असे मला वाटते. बीड-जालन्यातली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. जवळपास सहा महिन्यांचा हंगाम. निघण्याआधी गावाजवळच्या केंद्रात, ज्याला जोखीम आहे आणि ज्याची इच्छा आहे त्याला सुई मिळाली तर पुढची तारीख परतीच्या आसपास येते. हंगाम लांबला तर ती तारीख फडावर असतानाच येईल. तेव्हा नोंदणी बीडची आहे म्हणून सांगलीच्या केंद्रात ‘तुमच्या जिल्ह्यात जा’ असे सांगितले गेले तर मिसिसिपीतल्या माणसाची आणि या मजुराची गत एकच होईल. राष्ट्रीय कार्यक्रमात ही सुई आणताना पहिल्याच दिवसापासून तीन गोष्टी लेखी हव्यात: कोणत्याही जिल्ह्याचे कार्ड कोणत्याही केंद्रात चालेल, पुढच्या तारखेचा डोस आधीच राखून ठेवलेला असेल, आणि तो नसेल तर त्याच दिवशी मधल्या काळाच्या गोळ्या हातात मिळतील.